अर्धा कप

ता. ९ सप्टेंबर

प्रिय ठिपकी,

तुझं पत्र पोचलं, फोटो पोचला, आणि तुझी बातमी तर ह्या दोन्हींच्या आधी सगळ्या गल्लीत पोचली होती. त्यामुळे "ताई, सगळ्यात आधी तुलाच सांगतेय" हे वाक्य वाचून मला हसू आलं. असो. पाऱ्याच्या करारावर बोलायला देशातर्फे जी मंडळी जातात, त्यांची तू आता प्रमुख झालीस. अभिनंदन. आशीर्वादही आहेत. मोठ्या बहिणीकडे ते असतातच, मागावे लागत नाहीत.

आम्ही दोघं ठीक. गच्चीवरची टाकी पुन्हा गळतेय. खालच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा पाळलाय, तो फक्त माझ्यावर भुंकतो.

अक्षर बघून दचकू नकोस. सांगतेय मी, लिहितायत तुझे भाऊजी. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला काच लागलीय, पट्टी आहे, पेन धरता येत नाही. ह्यांनी पाणीपट्टीच्या कचेरीत जन्मभर बिलं लिहिली, त्यामुळे ह्यांच्या अक्षरात शिवी लिहिली तरी ती पावतीसारखी दिसते. तेव्हा ह्या पत्रातलं काही तुला गोड वाटलं, तर तो अक्षराचा गुण समज.

बसण्याआधी ह्यांनी एक अट घातली. तूच मागे लिहिलं होतंस ना, की तुमच्या सभेत मसुदा करताना ज्यावर वाद असेल तो मजकूर चौकोनी कंसात टाकतात आणि एकमत होईपर्यंत तो कंस सुटत नाही? ते वाचल्यापासून हे हवेत आहेत. म्हणाले, "मी काही टाइपरायटर नाही. मला पटलं नाही तिथे मी कंस टाकणार." टाका म्हटलं, हौस फेडून घ्या. [टाकला. – भाऊजी]

आता तुझ्या भाषणाचं. ते मी कारखान्यात पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत छपाईवालीने, म्हणजे नळ्यांवर आकडे छापते ती, फोन टेबलावर उभा केला आणि आम्ही नऊजणी डबे सोडून त्याच्याभोवती. तू तो करडा कोट घातलेला, समोर देशाच्या नावाची पाटी. बोलायचं असलं की ती पाटी उभी करायची असते, हे मला माहीत होतं, तूच सांगितलं होतंस. तू पाटी उभी केलीस आणि बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, जशी काही मीच ती उभी केली. खरं सांगते, तोवर मला बरं वाटत होतं.

मग तू म्हणालीस, "माझे वडील थर्मामीटरमध्ये पारा भरायचे. त्यांचे हात थरथरायचे. सांडू नये म्हणून आम्ही त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायचो." मग टाळ्या. कोणी तरी डोळेसुद्धा पुसले, कॅमेरा तिकडे वळला.

आम्ही? आम्ही कोण गं?

तू तेव्हा वसतिगृहात होतीस, शाळेची जाडजाड पुस्तकं घेऊन. कप मी भरायचे. पहिल्या दिवशी पूर्ण भरला, बाबांच्या मांडीवर सांडला, पाय भाजला, आणि ते माझ्याकडे असे बघत राहिले जसा गुन्हा त्यांचाच. दुसऱ्या दिवशी मी अर्धा भरला. त्यांनी विचारलं, "पूर्ण का नाही?" मी म्हटलं, "दूध संपलंय." रोज संपायचं आमच्या घरी दूध. त्यांना कळत होतं, मला कळत होतं, पण तेवढ्यावर त्यांची लाज राहायची. तो अर्धा कप दोन्ही हातांनी कसाबसा पिऊन झाला, मी त्यांची हनुवटी पुसली, की पहिला प्रश्न काय असायचा? "ठिपकीचं पत्र आलं का?" पुसणारी समोर उभी, आणि विचारपूस कोणाची, तर पाऱ्याच्या थेंबासारखी हातातून निसटून गेलेलीची. नाव त्यांनीच ठेवलं होतं, चुकीचं ठेवलं नाही.

मळलेल्या पिठावर रेघोट्या कोणीही ओढतं. पीठ मी मळलं होतं. जग ज्या गोष्टीवर टाळ्या वाजवतं ती माझ्या स्वयंपाकघरातली आहे, आणि माझा त्यात उल्लेख म्हणजे एक 'आम्ही'. [ही रडली नाही. पण डबा तसाच परत आणला. – भाऊजी] हे लिहायची काही गरज नव्हती.

आता कामाचं. करारानुसार ह्या वर्षअखेर पाऱ्याचे थर्मामीटर बंद. आमच्यासारखे कारखाने मुदतवाढ मागू शकतात, पाच वर्षांची, आणि ती मागायची देशाने. म्हणजे तू. तुझ्या खात्याने अट घातलीय की आधी डॉक्टर येऊन कामगारांची लघवी तपासणार, अंगात पारा किती ते बघणार. बाकीच्या आठजणी छपाई, तपासणी, पॅकिंग करतात. नळ्यांत पारा भरायच्या खोलीत मी एकटीच बसते, बाबांच्याच स्टुलावर. तेव्हा सगळ्यांचा घास माझ्या बाटलीवर अडलाय. तू लिहितेस, "ताई, तुझा रिपोर्ट चांगला आला तरच मी मुदतवाढीसाठी पाटी उभी करेन, नाही तर नाही." वा. तू तिथे बसून ठरवणार की मी इथे कामावर जायचं की नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

बघ तू. माझा रिपोर्ट चांगलाच येणार.

बोट बरं झालं की माझ्या अक्षरात लिहीन.

ताई


ता. २७ सप्टेंबर

प्रिय ठिपकी,

तू पाठवलेला स्कार्फ मिळाला. मऊ आहे. कपाटात ठेवलाय. वापरला तर आवडला असा अर्थ निघेल.

अक्षर अजून ह्यांचंच. जखम चिघळली होती, आता भरत आलीय. तू फोनवर दोनदा विचारलंस, दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा विचारू नकोस. वकिलांची ही सवय मला आवडत नाही.

डॉक्टर येऊन गेले. दोघे होते, एक म्हातारे आणि एक पोरगेलीशी डॉक्टरीण. तपासणी पॅकिंगच्या खोलीत होती, त्यामुळे खोके सरकवून जागा केली होती आणि शेठ स्वतः खुर्च्या पुसत होते. शेठना कापड हातात धरलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरीण प्रत्येकीला म्हणत होती, "हात पुढे करा, बोटं फाका, आता हे बोट नाकाला लावा." माझी पाळी आली. मी पट्टी दाखवली. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? तिने डावा मागितला. मी म्हटलं, डाव्या हातात पर्स आहे. ती हसली आणि तिने काहीतरी लिहिलं. ते हसणं मला काही आवडलं नाही.

मग प्रश्न. झोप लागते का, हिरड्या दुखतात का, चारचौघांत बोलायला बुजता का? शेवटी विचारते, "अलीकडे चिडचिड वाढलीय का?" मी म्हटलं, "वाढली नाही, जन्मापासून एवढीच आहे. बहिणीला विचारा, ती मोठी साहेबीण आहे." म्हातारे डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले, की पाऱ्याने माणूस रागीट होतो, हेकट होतो, आपल्यावर अन्याय होतोय असं त्याला सारखं वाटत राहतं.

ठिपकी, मला इतका संताप आला! म्हणजे आता माझा रागसुद्धा माझा नाही? तोही पाऱ्याचा? मी त्यांना ठणकावून सांगितलं की माझी चिडचिड माझ्या स्वतःच्या कमाईची आहे, तिला कारणं आहेत, आणि ती कारणं कुठल्याही बाटलीत सापडणार नाहीत. छपाईवाली फिसकन हसली.

[मी तिथे नव्हतो. पण शब्द हेच असणार, घरी रोज ऐकतो. – भाऊजी]

बाटल्या घरी नेऊन सकाळची पहिली लघवी भरून आणायची होती. ती आणून दिली. परवा रिपोर्ट आला. माझ्यात पारा नसल्यासारखाच! पॅकिंगवालीत माझ्याहून जास्त निघाला, म्हणजे बघ. शेठनी सगळ्यांना चहा पाजला. छपाईवालीने मला मिठीच मारली. तिचा नवरा घरी बसून आहे आणि दोन मुलं शाळेत, तिला ह्या पाच वर्षांची किती गरज आहे ते मला सांगायला नको.

फक्त खाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती, ती तुझ्या नजरेतून कशी सुटेल! लघवीत साखर भरपूर. तू लगेच फोनवर, "ताई, पारा नाही पण साखर आहे, आजपासून गोड बंद." आता कारखान्यात माझ्या चहातली साखर आठजणींनी काढून घेतलीय. गुळमट तोंडाने बिनसाखरेचा चहा पाजतात आणि वर माझ्याकडे प्रेमाने बघतात. घरी हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसलेत. [मला ह्यावर काहीही म्हणायचं नाही. – भाऊजी] नका म्हणू. बिस्किटांचा डबा कुठे लपवलाय तो मला सापडलाय.

तर आता तुझा शब्द पाळ. तुला हवा होता तसा रिपोर्ट मिळाला. मुदतवाढ आण. तुझ्या दृष्टीने ते एक वाक्य आहे, हात वर केला, हातोडा वाजला, झालं. इथे नऊ घरं आहेत.

आणि तिथे कोणाकोणाबरोबर जेवतेस, कुठल्या मजल्यावर राहतेस, खिडकीतून काय दिसतं, हे इतकं सविस्तर लिहीत जाऊ नकोस. मी वाचते, आणि मग मला आमची खिडकी दिसते.

ताई


ता. ११ ऑक्टोबर

ठिपकी,

हे पत्र आजच वाच. हे त्याचे फोटो काढून तुला पाठवतायत, कागद मागून येईल. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मला भांडणच सुचतं, आणि आज भांडून चालणार नाही. ह्यांनाही सांगितलंय, आज कंस टाकायचा नाही. जे सांगते ते लिहायचं.

परवा तुझा निरोप आला. गुरुवारी सभेत तू मुदतवाढीची मागणी माझ्यापासूनच सुरू करणार. "माझी सख्खी बहीण वडिलांच्याच स्टुलावर बसून रोज पारा भरते. नातं लपवत नाही, उलट म्हणूनच सांगते. नीट काळजी घेतली तर हे काम करता येतं, हा तिचा रिपोर्ट." असंच म्हणणार आहेस ना?

तो रिपोर्ट माझा नाही.

बाटली ह्यांची आहे. साखर ह्यांची आहे. मधुमेह झाल्यापासून हा माणूस मला शपथेवर सांगतोय की गोडाला शिवत नाही, आणि माझ्या चोरीत ह्यांची चोरी पकडली गेली. मी बोलू शकले नाही, हे बोलू शकले नाहीत. दोघं चोर एका टेबलावर बसून तुला पत्र लिहीत होतो. हसायचं असलं तर आत्ताच हसून घे.

बोटाला काच लागलीच नव्हती. पट्टी मी रोज सकाळी नवी बांधते, घट्ट, म्हणजे हात जरा स्थिर वाटतो. थरथर सुरू होऊन वर्ष झालं असेल. आधी सुईत दोरा जाईना. मग कुलपात किल्ली. घास तोंडाशी नेताना जास्त होतं, नुसता हात मांडीवर ठेवला तर काही नाही. बाबांचं असंच सुरू झालं होतं, तुला ठाऊक नसेल, तू नव्हतीस. बघ, पुन्हा टोमणा मारला. लिहा, असू दे तो.

का केलं ते सांगते. तुला वाटेल नऊ घरांसाठी. लोकांना सांगायला ते छान आहे, आणि त्यात थोडं खरंही आहे. पण मोठं कारण दुसरंच. तू म्हणालीस, रिपोर्ट चांगला आला तरच. म्हणजे माझ्या अंगात काय आहे त्यावर तू निकाल देणार. माझा हात थरथरतो हे तुला कळलं असतं तर तू धावत आली असतीस, मला मिठी मारली असतीस, आणि पुढच्या सभेत बाबांच्या जोडीला माझीही गोष्ट सांगितली असतीस. बाबा तर गेलेच तुझ्या भाषणात. मला जायचं नव्हतं. मी ठणठणीत आहे आणि तुझी मला गरज नाही, हे मला लेखी दाखवायचं होतं.

आता ह्याहून वाईट ऐक. तुझा निरोप आला आणि मला कळलं की तू तो कागद भर सभेत ठेवणार. खोटा कागद. उद्या कोणी शंका घेतली, पुन्हा तपासणी मागितली, तर तुझं काय होईल ते कळायला मला वकील व्हायची गरज नाही. आणि ठिपकी, मला आनंद झाला. खरंच झाला. दोन दिवस मी ते चित्र चघळत होते. तुझ्या समोरची पाटी कोणीतरी उचलून नेतंय. तू बॅग घेऊन ह्या घरात परत आलीस, स्वयंपाकघरात बसलीस, आणि मी तुला चहा देतेय. काठोकाठ भरून. मी तुझी मोठी बहीण आहे, आणि माझ्या पोटात इतकं दुखतं. शाळेत माझे मार्क तुझ्यापेक्षा कमी नव्हते गं. बाबांचे हात गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तू बारा, एवढाच काय तो फरक. माझ्या पगारावर तुझी फी गेली ह्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तू परत वळून पाहिलं नाहीस, त्याचं वाटलं.

हे थांबलेत. लिहा म्हटलं, थांबू नका.

मी गप्पच राहिले असते. पण काल शेठनी छपाईवालीला माझ्या खोलीत पाठवलं, काम शिकायला. माझ्याकडून हल्ली नळ्या फुटतात, पारा सांडतो, ते शेठना दिसतं, ते काही आंधळे नाहीत. मी नको म्हणायच्या आत ती बाबांच्या स्टुलावर बसली. टेबलावर एक थेंब सांडला होता, तो तिने कागदाच्या कडेने हळूच पुढे घेतला, जोडला, परत बाटलीत सोडला. अगदी बाबांसारखा. हात असा स्थिर, की मी बघतच राहिले. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, "ऊठ तिथून! ती माझी जागा आहे!"

ती बिचारी घाबरून उठली. म्हणाली, "घ्या की ताई, तुमचीच आहे. मला काय, मी कुठेही बसेन."

मी मागच्या अंगणात जाऊन फुटक्या काचेच्या पिंपाशेजारी उभी राहिले. रागाने कापत होते, आणि राग गेल्यावरही कापतच होते. मग माझं मलाच कळलं की मी कशाचा हेवा करतेय. त्या स्टुलाचा! बाबांना ज्याने खाल्लं, मला जे खातंय, त्यावर दुसरी कोणी बसली म्हणून मी जळत होते. मी मुदतवाढ मिळवली तर ती पाच वर्षं तिची आहेत. तिथे बसायला मी काही उरणार नाही. तिची मुलं शाळेत जातात, तीही एक दिवस स्वयंपाकघरात खोटं बोलायला शिकतील.

तरीसुद्धा घरी येईपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. घरी आले, ह्यांनी चहा केला. माझ्यापुढे कप ठेवला. अर्धा.

मी विचारलं, "पूर्ण का नाही?"

हे वर न बघता म्हणाले, "दूध संपलंय."

ओट्यावर पातेलं होतं. त्यात दूध होतं. मला दिसत होतं, ह्यांना माहीत होतं की मला दिसतंय. आठवून पाहिलं, तर कित्येक दिवस माझा कप अर्धाच येत होता. मी कधी विचारलं नव्हतं, म्हणून ह्यांना कधी सांगावं लागलं नव्हतं. ही युक्ती ह्यांना मीच कधीतरी सांगितली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. इतकं वाईट मला बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

आज सकाळी मी कारखान्यात सगळ्यांना खरं सांगितलं. माझी कोणी पूजा केली नाही. पॅकिंगवाली म्हणाली, "एवढे दिवस गप्प होतात, अजून आठवडाभर गप्प बसवलं नसतं?" छपाईवालीने विचारलं, "पुढच्या वर्षी माझ्या घरची चूल तुम्ही पेटवणार का ताई?" शेठ पंखा बंद करून आत निघून गेले. उद्यापासून मी भरणीच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि तिलाही टाकू देणार नाही, दारात आडवी पडेन. सोमवारी त्या डॉक्टरणीकडे जाणार आहे, माझी स्वतःची बाटली घेऊन आणि पट्टी काढून. ती हसली होती ते बहुतेक समजूनच हसली होती.

तर गुरुवारी तो कागद काढू नकोस. मुदतवाढ मागू नकोस. तू एकदा सांगितलं होतंस, ज्यांचं काम करारामुळे बंद पडेल त्यांना दुसरं काम शिकवायला, तोवर हाताशी काही द्यायला, करारातच पैशाची सोय आहे, पण मागणारा मागत नाही म्हणून मिळत नाही. ते माग. ह्या आठजणींसाठी पाटी उभी कर आणि मिळेपर्यंत खाली ठेवू नकोस. भांडायला तुला मीच शिकवलंय. छपाईवालीला मी शब्द दिलेला नाही, तू देऊ शकलीस तर दे. ह्या एका बाबतीत मला तुझी गरज आहे. हे वाक्य ह्यांनी दोनदा वाचून दाखवलं, राहू दे का म्हणून. राहू दे.

आणि डॉक्टर म्हणाले तसं असेलही. माझ्या रागातला थोडा पाऱ्याचा असेल. काम सोडल्यावर हात थोडा सुधारतो म्हणतात. राग सुधारला तर कळवीन. पण तुझ्यावर जळायची सवय पाऱ्याच्या आधीची आहे, ती जाईलसं वाटत नाही. ती असली तरी तू ये. सभा संपली की इकडेच ये. स्कार्फ कपाटातून काढलाय.

एकच अट. कपाची गोष्ट सांगायची असेल तर पुन्हा सांग, टाळ्या घे, माझी हरकत नाही. पण 'आम्ही' म्हणू नकोस. म्हण, कप अर्धा भरायची युक्ती माझ्या ताईची. बाबांचा कप ती भरायची. आता तिचाही अर्धाच भरावा लागतो.

ह्यांनी एकही कंस टाकला नाही. विचारलं, तर म्हणाले, "मंजूर आहे."

पट्टी सोडलीय. खालची दोन अक्षरं ह्यांची नाहीत, माझी आहेत. वेळ लागला. ह्यांनी फक्त कागद धरला.

ताई